लॅव्हनमची वाकडी घरं : एक श्रीमंत इंग्रज खेडं गरिबीमुळे कसं टिकलं

इंग्लंडच्या पूर्वेकडच्या सफोक परगण्यात लॅव्हनम नावाचं गाव आहे. २०११ च्या जनगणनेत वस्ती १,७२२. आज तिथे रेल्वे नाही, मोठा कारखाना नाही, समुद्रही जवळ नाही. तरीही उतारावरच्या मोजक्या गल्ल्यांत तीनशेहून जास्त इमारती कायद्याने संरक्षित आहेत आणि त्यातल्या बऱ्याच पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या आहेत. लाकडी सांगाड्याची घरं, वरचा मजला रस्त्यावर झुकलेला, एक घर शेजारच्याच्या खांद्यावर मान टाकून उभं. दार एकीकडे कललेलं, खिडकी दुसरीकडे. यातलं एखादं विकत घ्यायचं तर आज खिसा चांगलाच जड लागतो.

अशी गावं पाहिली की वाटतं, इथे पाचशे वर्षं सुबत्ता नांदत असणार. लॅव्हनममध्ये तसं घडलं नाही. शे-सव्वाशे वर्षांची भरभराट, त्यानंतर जवळजवळ साडेतीनशे वर्षांची ओढगस्त आणि विसाव्या शतकात पुन्हा पैसा, असा या गावाचा हिशेब आहे. मधली ओढगस्त नसती तर आज बघायला फारसं काही उरलंच नसतं.

आधी एक शंका दूर करू. हे खेडं की शहर? १२५७ मध्ये लॅव्हनमला आठवडी बाजार भरवण्याची राजाची सनद मिळाली, म्हणजे त्या काळच्या हिशेबाने ते बाजारपेठेचं शहरच होतं. आज सगळे त्याला ‘व्हिलेज’ म्हणतात. इंग्लंडमध्ये अमुक लोकसंख्येखाली खेडं, वर शहर, अशी ठरलेली रेघ नाही. तळाशी पॅरिश कौन्सिल असते, साधारण आपल्या ग्रामपंचायतीसारखी. १९७२ च्या कायद्यानुसार ती साधा ठराव करून स्वतःला ‘टाउन कौन्सिल’ म्हणवून घेऊ शकते. लॅव्हनमने तसं केलेलं नाही. पर्यटनावर चालणाऱ्या गावाला ‘खेडं’ हा शब्द जास्त लाभतो, हे उघड आहे.

निळ्या कापडाचा पैसा

१०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत, म्हणजे राजाने करवून घेतलेल्या जमीन-मालमत्तेच्या नोंदीत, हे गाव ऑब्री डी व्हेअरच्या नावावर आहे. हेच घराणं पुढे ऑक्सफर्डचे अर्ल झालं आणि शतकानुशतकं लॅव्हनमचं जमीनदार राहिलं. गावाला श्रीमंत केलं ते मात्र जमिनीने नव्हे. तो पैसा लोकरीच्या जाड कापडाचा, ब्रॉडक्लॉथचा. निळा रंग ही लॅव्हनमची ओळख होती.

हे कापड कसं तयार होई ते समजल्याशिवाय गावातली पैशाची वाटणी समजत नाही. मेंढीची लोकर आधी निवडायची आणि धुवायची. निळ्या मालाची लोकर कातण्याआधीच रंगवत, त्यामुळे रंग धाग्याच्या आतपर्यंत मुरे. रंग येई वोड नावाच्या झाडाच्या पानांतून. पानं दळून त्यांचे गोळे वाळवायचे, मग ओले करून आंबवायचे आणि गरम हौदात विरघळवायचे. हौदातून बाहेर काढताना लोकर पिवळट-हिरवी दिसते, आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळी होत जाते. वोडमधलं रंगद्रव्य आणि आपल्या निळीच्या झाडातलं रंगद्रव्य एकच आहे. फरक एवढाच, की निळीच्या पानांत ते कितीतरी जास्त असतं. सतराव्या शतकात बयाना आणि सरखेजची नीळ जहाजांतून युरोपात पोचली आणि वोडचा धंदा बसू लागला. तोवर लॅव्हनम कधीच मागे पडलं होतं.

रंगवलेली लोकर तेल लावून पिंजायची आणि चातीवर किंवा चरख्यावर कातायची. हे काम घरोघरच्या बायका आणि मुली करत. एका मागाला पुरेल एवढं सूत काढायला अनेक जणी लागत. मागावरचं कापड इतकं रुंद असे, की धोटा एका हाताने पार जात नसे. म्हणून दोन विणकर शेजारी बसून तो एकमेकांकडे फेकत. मागावरून उतरलेलं कापड विरळ आणि राठ असतं. ते मुलतानी मातीसारखी माती घातलेल्या पाण्यात पाणचक्कीच्या लाकडी हातोड्यांखाली तासन्‌तास कुटत. तंतू एकमेकांत गुंतून कापड आटायचं आणि नमद्यासारखं घट्ट व्हायचं. मग ते आकड्यांच्या लांब चौकटीवर ताणून वाळवायचं, टीझल नावाच्या काटेरी बोंडांनी वरची लव उभी करायची आणि मोठ्या कात्रीने ती एकसारखी कापायची. तयार ठाण साधारण २२ ते २५ मीटर लांब आणि दीड मीटरहून थोडं जास्त रुंद असे.

बिघाडाच्या जागा जवळपास प्रत्येक पायरीला होत्या. सूत कुठे जाड, कुठे बारीक कातलं गेलं तर रंगवलेल्या मालात पट्टे दिसत. कुटणं जास्त झालं तर ठाण आखूड, कमी झालं तर कापड ढिलं. सगळ्यात मोठी लबाडी चौकटीवर चाले. ओलं कापड ओढून ओढून दोन-तीन हात लांब केलं की तेवढे पैसे जास्त मिळत, पण गिऱ्हाइकाच्या अंगावर पहिला पाऊस पडला की अंगरखा आटे. म्हणून राजाचा तपासनीस ठाण मोजून त्यावर शिशाचं सील मारी, आणि जास्त ताणण्याविरुद्ध वेळोवेळी कायदेही झाले. तेवढ्याने लबाडी थांबली, असं मात्र नाही.

या सगळ्या पायऱ्यांत माल कोणाचा असे? कातणारणीचा नाही आणि विणकराचाही नाही. लोकर विकत घेणारा, घरोघर वाटणारा, सूत गोळा करणारा, विणायला देणारा आणि तयार ठाण लंडनमार्गे परदेशी विकणारा माणूस एकच, त्याला क्लोदियर म्हणत. बाकी सगळे नगावर मजुरी घेणारे. आपल्याकडच्या विडीच्या किंवा इचलकरंजी-मालेगावच्या मागांच्या धंद्यात ‘अंगावर काम’ घेण्याची जी पद्धत आहे, तिची ही जुनी इंग्रजी बहीण. मोठ्या शहरांत कारागिरांच्या संघांचे कडक नियम होते. खेड्यात ते नव्हते. मजुरी स्वस्त, पाणी हाताशी, बंदरं फार लांब नाहीत. म्हणून क्लोदियरांनी सफोकची गावं निवडली. लॅव्हनमच्या वॉटर स्ट्रीटखाली आजही त्या काळच्या विटांचे भुयारी नाले आहेत. ओढा त्यांतून वळवून आणला होता.

या धंद्यातला सर्वांत मोठा माणूस तिसरा थॉमस स्प्रिंग, मृत्यू १५२३. तीन पिढ्यांनी साठवलेला पैसा त्याच्या हाती आला. उमराव घराण्यांबाहेरच्या इंग्लंडमधल्या सर्वांत श्रीमंत माणसांत त्याची गणना होई. तो गेल्यानंतरच्या वर्षी आठव्या हेन्रीच्या करवसुलीत लॅव्हनमने सुमारे १८० पौंड भरले आणि इंग्लंडच्या श्रीमंत गावांत चौदावं स्थान पटकावलं. यॉर्क आणि लिंकन यांच्याहून हे छोटं गाव जास्त कर भरत होतं. हा आकडा पर्यटकांच्या प्रत्येक पत्रकात असतो. त्याच्याच बाजूला दुसरी गोष्ट लिहायला हवी आणि ती बहुधा राहून जाते: या रकमेचा फार मोठा वाटा एकट्या स्प्रिंग घराण्याचा होता. गाव श्रीमंत होतं म्हणजे दोन-चार घरं अफाट श्रीमंत होती आणि बाकीचे त्यांच्या लोकरीवर जगत होते.

कॅप्टन ‘गरिबी’

हे नातं किती ताणलेलं होतं ते १५२५ मध्ये दिसलं. फ्रान्सवर स्वारी करण्यासाठी हेन्रीला पैसा हवा होता. त्याचा मंत्री कार्डिनल वूल्झी याने पार्लमेंटला न विचारता एक ‘प्रेमाची भेट’ मागितली, म्हणजे सामान्य माणसाच्या मालमत्तेचा सहावा हिस्सा. आधीचे कर भरून लोक आधीच पिळून निघाले होते. क्लोदियरांनी मजुरांना सांगून टाकलं, की एवढी रोकड गेली तर तुम्हाला काम द्यायला आमच्याकडे काही उरणार नाही. लॅव्हनम आणि आजूबाजूच्या गावांतून चारेक हजार माणसं जमा झाली. चर्चची घंटा वाजली की उठायचं असं ठरलं होतं, पण श्रीमंतांपैकी कोणीतरी घंटांचे लोळ काढून ठेवले, असं सांगतात.

नॉरफोकचा ड्यूक फौज घेऊन आला आणि त्याने विचारलं, तुमचा म्होरक्या कोण? जॉन ग्रीन नावाच्या वयस्क माणसाने दिलेलं उत्तर त्या काळच्या बखरीत नोंदलेलं आहे: आमच्या कॅप्टनचं नाव गरिबी, त्याने आणि त्याच्या चुलतभावाने, म्हणजे नडीने, आम्हाला इथवर आणलंय. राजाने ती मागणी मागे घेतली आणि पुढाऱ्यांना माफी दिली. वूल्झीची पत त्यानंतर उतरणीला लागली.

त्याच सुमारास गावाच्या टोकाला टेकडीवरच्या सेंट पीटर आणि सेंट पॉल चर्चचा मनोरा पुरा होत आला होता. उंची १४१ फूट, म्हणजे ४३ मीटर. सफोकमध्ये चांगला इमारती दगड सापडत नाही, म्हणून भिंती गारगोटीच्या आणि घडीव दगड बाहेरून आणलेला. एवढ्या वस्तीला एवढा मनोरा लागत नाही, तो मिरवायलाच बांधला. त्यावर डी व्हेअर घराण्याचा पाच टोकांचा तारा आहे आणि स्प्रिंगांची चिन्हंही आहेत. जुना जमीनदार आणि नवा व्यापारी दोघांनी एकाच दगडावर नाव कोरून घेतलं. १५२९ च्या आसपास बाजाराच्या चौकात कॉर्पस क्रिस्टी या धार्मिक मंडळाचं सभागृह, म्हणजे गिल्डहॉल, उभं राहिलं. ती या भरभराटीची अखेरची मोठी इमारत म्हणता येईल.

पैसा आटला

नंतरची उतरण एका कारणाने झाली नाही. १५५० नंतर अँटवर्पची कापडाची बाजारपेठ कोसळली. युरोपातल्या युद्धांनी वाटा अडल्या. १५६० च्या दशकापासून नेदरलँड्समधून आलेले निर्वासित विणकर नॉरिच आणि कोलचेस्टरमध्ये वसले. ते हलकं, स्वस्त, रंगीबेरंगी कापड विणत आणि गिऱ्हाइकालाही आता तेच हवं होतं. लॅव्हनमचं जाड निळं कापड जुन्या धाटणीचं ठरलं. पैसेवाले क्लोदियर जमिनी घेऊन निघून गेले. मागे राहिलेल्या घरांत नॉरिचच्या मागांसाठी सूत कातणं चालू राहिलं, म्हणजे मालक जाऊन मजूर तेवढे उरले.

गिल्डहॉलचं पुढे काय झालं ते पाहिलं की गावाची उतरण कळते. १५४७ मध्ये सरकारने धार्मिक मंडळं बरखास्त केली. मग त्याच इमारतीत वेळोवेळी गावाचं कचेरीघर आलं, तुरुंग आला, गरिबांना कामाला जुंपणारं वर्कहाउस आलं. एकोणिसाव्या शतकात गावात घोड्याच्या केसांपासून खुर्च्यांचं कापड विणत आणि काथ्याच्या चटया करत. १८६५ मध्ये रेल्वे आली. १८६८ च्या सुमारास जेम्स डंकनने इथे बीटापासून साखर काढायचा कारखाना घातला, इंग्लंडमधल्या अगदी सुरुवातीच्या कारखान्यांपैकी एक. शेतकऱ्यांनी पुरेसं बीट लावलं नाही आणि काही वर्षांतच गाळप थांबलं. ऊस मिळत नाही म्हणून बंद पडलेले कारखाने ज्यांनी पाहिलेत, त्यांना वेगळं सांगायला नको. रेल्वेची प्रवासी गाडी १९६१ मध्ये बंद झाली आणि मार्गही चार वर्षांत संपला.

घरं टिकली ती या काळामुळे. अठराव्या शतकात इंग्लंडभर लाकडी घरं पाडून विटांची सरळ, मोठ्या खिडक्यांची घरं बांधायची हौस आली होती. ज्यांच्याकडे पुरेसा पैसा नव्हता त्यांनी निदान रस्त्याकडची भिंत विटांची करून घेतली. लॅव्हनममध्ये काही मोजक्या घरांना हे परवडलं. बाकीच्यांनी भिंतीवर गिलावा चढवला, मोठं घर चार बिऱ्हाडांत वाटलं आणि दिवस काढले. पाडून नवं बांधायलाही भांडवल लागतं आणि ते गावाबाहेर गेलं होतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाहेरच्या रसिकांना या घरांचा शोध लागला, तेव्हा धोका वेगळाच निघाला. १९११ च्या सुमारास जुनी वूल हॉल ही इमारत सुटी करून दुसरीकडे नेऊन उभारण्यासाठी उतरवायला सुरुवात झाली. गावाने ओरड केली आणि ती परत त्याच जागी उभी राहिली. आज ती स्वान हॉटेलचा भाग आहे. लाकडी सांगाड्याचं घर असं सुटं करून पुन्हा जोडता येतं, हे त्याच्या बांधणीतच आहे.

घर वाकतं का आणि पडत का नाही

ही घरं जागेवर बांधली जात नसत. सुताराच्या आवारात जमिनीवर एकेक चौकट मांडायची, जोड जमवायचे, प्रत्येक जोडावर रोमन आकड्यांच्या खुणा पटाशीने कोरायच्या, सगळं सुटं करायचं आणि गाडीतून जागेवर नेऊन उभं करायचं. त्या खुणा आजही तुळयांवर सापडतात. तुळईच्या टोकाला जीभ, खांबात खोबण, आणि दोन्हींतून आरपार ओकची खुंटी. यातली खुबी खुंटीच्या भोकात आहे. जिभेचं भोक मुद्दाम जरासं आत सरकवलेलं असतं, म्हणून खुंटी ठोकली की जोड स्वतःच आवळला जातो. खिळा नाही, गोंद नाही.

लाकूड ताजं, ओलं ओक. वाळलेलं ओक इतकं कठीण होतं की हत्यार चालत नाही, त्यामुळे ओल्यातच कापून, घडवून घर उभं करत. मग पुढची काही वर्षं लाकूड जागेवर वाळतं. ओक रुंदीत आटतं, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे तुळया पिळवटतात, खांब कलतात, जमीन उतरती होते. जोड मात्र आणखी घट्ट होतात. म्हणजे वाकडेपणाचा बराच भाग पहिल्या काही दशकांतलाच आहे, पाचशे वर्षांची झीज म्हणून त्याच्याकडे बघणं चूक. काही घरांच्या आतल्या तुळया नंतरच्या लोकांनी दारं आणि जिने काढण्यासाठी कापल्या. तिथला वाकडेपणा खराखुरा धोकादायक असू शकतो.

वरचा मजला पुढे काढण्यामागे मिरवणं होतं, पण त्यात हिशेबही होता. कडीपाटाच्या कड्या भिंतीच्या बाहेर दीड-दोन फूट काढल्या की वरच्या भिंतीचा भार त्यांच्या टोकांवर येतो आणि खोलीच्या मध्यभागी जमिनीचा झोल कमी होतो. दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर मजला दोन्ही बाजूंना पुढे येतो. तिथे एक जाडजूड तुळई आतून कोपऱ्याकडे तिरकी घालतात आणि खाली कोरीव कोपऱ्याचा खांब देतात. क्लोदियरची श्रीमंती बघायची तर त्या खांबाचं कोरीवकाम बघावं, किंवा भिंतीतले उभे खांब किती जवळजवळ आहेत ते मोजावं. गरजेपेक्षा दुप्पट लाकूड लावायचं, एवढंच दाखवायला.

खांबांच्या मधली जागा म्हणजे कुडाची भिंत. कोकणात कारवीचा कूड असतो, इथे हेझल नावाच्या झुडपाच्या काठ्यांचा. त्यावर माती, चिरलेलं गवत आणि शेण यांचं लिंपण, आणि वर केस मिसळलेल्या चुन्याचा गिलावा. काळे खांब आणि पांढरी भिंत ही जोडी बरीचशी एकोणिसाव्या शतकातली फॅशन आहे. लॅव्हनममध्ये ओक बहुतेक न रंगवलेलं, रुपेरी-करडं दिसतं, किंवा भिंतीसकट चुन्याखाली गेलेलं. भिंतींचे रंग फिकट गुलाबी, गेरूचे, पिवळे.

सिमेंट : एका चांगल्या हेतूची चूक

या घरांचं सर्वांत जास्त नुकसान विसाव्या शतकातल्या दुरुस्तीने केलं. ओल येते म्हणून बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि त्यावर प्लास्टिकसारखा रंग. पहिली काही वर्षं भिंत ठणठणीत दिसते.

आत काय होतं ते पाहू. लाकडी घर ऋतूप्रमाणे हलतं: उन्हाळ्यात आटतं, हिवाळ्यात फुगतं. चुना या हालचालीला थोडा जुळवून घेतो. सिमेंट ताठ राहतं आणि खांबाच्या कडेने त्याला केसाएवढा तडा जातो. पाऊस त्या फटीतून आत ओढला जातो, बाहेर मात्र निघू शकत नाही, कारण सिमेंट आणि रंग दोन्ही वाफ अडवतात. पाणी उतरतं ते थेट जोत्यावरच्या आडव्या तुळईवर. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते आणि पाठोपाठ डेथवॉच बीटल नावाचा भुंगेरा येतो. त्याला ओलं, जुनं ओक फार आवडतं. साधारण ३ मिलिमीटरची भोकं आणि वसंतात लाकडातून येणारी टकटक ही त्याची खूण. तुळई कुजली की वरचा खांब एक-दोन सेंटीमीटर खाली बसतो. एक दिवस वरच्या मजल्याची खिडकी अडकते, आणि मालक खिडकी तासून घेतो. दोष तीन मीटर खाली आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

घर बघायला गेलेल्या जाणकाराची नजर म्हणून आधी तळाशी जाते. जोत्यावरच्या तुळईत टोचा किंवा छोटा चाकू दाबून बघायचा: चांगलं ओक टोक आत घेत नाही, कुजलेलं लोण्यासारखं घेतं. दुसरं, रस्ता आणि फूटपाथ शतकानुशतकं वर चढत आलेत का ते बघायचं. जमीन तुळईच्या पातळीला आली असेल तर बाकी काहीही करा, लाकूड कुजणारच.

उपाय सांगायला सोपा, करायला किचकट. सिमेंट हलक्या हाताने काढायचं, कारण जोरात ठोकलं तर जुना कूडही हातात येतो. भिंतीला काही महिने वाळू द्यायचं. तुळईचा कुजलेला तेवढाच तुकडा कापून नव्या ओकचा तिरका जोड द्यायचा, अख्खी तुळई बदलायची नाही. मग भिजवून मुरवलेला चुना एक भाग, धारदार कणांची वाळू अडीच ते तीन भाग आणि शेळीचे किंवा गाईचे केस यांचा गिलावा, दोन-तीन थरांत, प्रत्येक थर १० मिलिमीटरच्या आसपास. पहिल्या थरावर रेघा ओढायच्या म्हणजे दुसरा धरून राहतो. ऊन आणि वारा लागू नये म्हणून ओलं गोणपाट लावायचं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो. घाईने सुकला तर भुगा होतो आणि ताजा असताना गोठला तर पापुद्रे सुटतात. तापमान ५ अंशांच्या खाली जायची शक्यता असेल तर काम धरायचंच नाही. म्हणून तिकडे बाहेरचं चुन्याचं काम वसंत ते शरद एवढंच चालतं आणि चांगले गवंडी बरेच महिने आधी सांगून ठेवावे लागतात.

शेवटी चुन्याची सफेदी. दुधाएवढी पातळ, ओल्या भिंतीवर, चार-पाच हात, दोन हातांमध्ये एक दिवस. पहिला हात बघून नवखा माणूस घाबरतो, कारण भिंत जवळजवळ पारदर्शक दिसते. तिथे घट्ट चुना फासला की तो वाळून पोपडे निघणार हे नक्की.

कायदा काय सांगतो

इंग्लंडमध्ये संरक्षित इमारतींच्या तीन श्रेणी आहेत: एक, दोन-तारांकित आणि दोन. नव्वद टक्क्यांहून जास्त इमारती शेवटच्या श्रेणीत आणि फक्त अडीच टक्क्यांच्या आसपास पहिल्या. लोकांचा एक गैरसमज पक्का आहे, की श्रेणी दोन म्हणजे फक्त दर्शनी भाग जपायचा. तसं नाही. संरक्षण आतून-बाहेरून सगळ्या घराला असतं. जिना, दारं आणि गिलावासुद्धा त्यात येतात. १९९० च्या कायद्यानुसार इमारतीचं स्वरूप बदलणारं काम परवानगीशिवाय करणं हा फौजदारी गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा अमर्याद दंड, किंवा दोन्ही. परवानगीच्या अर्जाला फी नाही, आणि निर्णय साधारण आठ आठवड्यांत अपेक्षित असतो. लॅव्हनमसाठी हा अर्ज बाबर्ग जिल्हा परिषदेकडे जातो.

खरेदीदार फसतो तो इथे: बेकायदा बदल पूर्ववत करण्याची नोटीस काढायला कालमर्यादा नाही आणि ती सध्याच्या मालकावर निघते. आधीच्या मालकाने बसवलेली प्लास्टिकची खिडकी तुमच्या खर्चाने निघू शकते. शिवाय दुरुस्तीवर २० टक्के व्हॅट आहेच. संरक्षित क्षेत्रातलं झाडही मनात आलं म्हणून तोडता येत नाही. जमिनीपासून दीड मीटर उंचीवर खोड ७५ मिलिमीटरहून जाड असेल तर सहा आठवडे आधी कळवावं लागतं.

आज इथे कोण राहतं

गिल्डहॉल १९५१ पासून नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे. गावाच्या जुन्या भागातल्या विजेच्या आणि टेलिफोनच्या तारा जमिनीखाली गेल्या आहेत. मोटारी हटवल्या की ट्यूडर राजांच्या, म्हणजे आठव्या हेन्रीच्या काळातला रस्ता तयार, म्हणून सिनेमावाले येतात. वॉटर स्ट्रीटवरचं डी व्हेअर हाउस हॅरी पॉटरच्या चित्रपटामुळे जगभर ओळखीचं झालं. एरवी मोटारी हटवणं हीच गावातली कायमची कटकट. बाजाराचा चौक घोडागाड्यांसाठी आखलेला, आणि घरांना गॅरेज नाही.

नवा पैसा बाहेरून आला: निवृत्त लोक, लंडनमध्ये कमावलेले, शनिवार-रविवारचं दुसरं घर घेणारे, सुट्टीसाठी भाड्याने देणारे. घरांची संख्या वाढवता येत नाही, कारण जुना गाभा गोठवलेला आहे. मागणी वाढते तशा किमती वाढतात. हॉटेलात, चहाच्या दुकानात, वृद्धांच्या देखभालीत काम करणाऱ्या माणसाला इथे घर घेता येत नाही.

यावर तिथे दोन-तीन हत्यारं वापरतात. २०११ च्या लोकॅलिझम कायद्याने गावांना स्वतःची विकास योजना करून मतदानाने पक्की करता येते. लॅव्हनमने ती २०१६ मध्ये केली. दुसरं म्हणजे गावाच्या कडेची जमीन. एरवी बांधकामाला मनाई असलेला तुकडा फक्त परवडणाऱ्या घरांसाठी अपवाद म्हणून खुला करतात. बाजारभावाने घरं बांधता येत नसल्यामुळे शेतजमिनीहून थोड्याच जास्त दराने तो मिळतो. घरं गावच्या न्यासाकडे किंवा गृहनिर्माण संस्थेकडे राहतात आणि गावात राहिलेल्या, काम करणाऱ्या किंवा इथे जवळचे नातेवाईक असलेल्या लोकांनाच दिली जातात. तिसरं, एप्रिल २०२५ पासून दुसऱ्या घरावर दुप्पट कौन्सिल टॅक्स, म्हणजे आपल्या घरपट्टीसारखा कर, लावायची मुभा परिषदांना मिळाली आहे.

तरी ‘परवडणारं भाडं’ या शब्दाची सरकारी व्याख्या लक्षात ठेवावी: बाजारातल्या भाड्याच्या ८० टक्क्यांपर्यंत. जवळच्या सडबरी शहरात ही सवलत उपयोगी पडते. लॅव्हनममध्ये मूळ भाडंच इतकं चढं आहे, की त्याच्या ८० टक्केही स्वयंपाकघरातल्या मदतनिसाच्या पगारात बसत नाहीत. मग तो सडबरीत राहतो आणि सकाळच्या बसने कामाला येतो.